रोकडीची नोंद आणि नवा कारकून

पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, शिरूर तालुक्यांत, रांजणगांव वसलें आहे. अष्टविनायकांपैकीं महागणपतीचें स्थान म्हणून या गांवाची प्रसिद्धि जुनी. औद्योगिक वसाहतीमुळें झालेली प्रसिद्धि त्या मानानें अलीकडची. या दोन कारणांमुळें येथील बाजारांत दोन तऱ्हांचीं गिऱ्हाइकें येतात. एक दर्शनास आलेलें. तें नारळ, दूर्वा व पेढे घेऊन तासाभरांत पुढच्या गणपतीच्या वाटेला लागतें. दुसरें कारखान्याच्या पाळीवर येणारें. तें महिन्याच्या बोलीवर खोली व खानावळ ठरवितें आणि पगार झाला म्हणजे पैसे चुकतें करतें. दुकानदार मात्र रोजच्या रोज भाजी, दूध, टेंपोचें भाडें, गड्यांची उचल यांसाठीं पैसे देत असतो. दिवे मालविण्यापूर्वीं त्याला एका प्रश्नाचें उत्तर मिळावें लागतें : गल्ल्यांत असावयास पाहिजे तेवढी रक्कम आहे किंवा नाहीं?

प्रश्न जुनाच आहे. नवीन आहे तो त्याच्या मदतीस आलेला कारकून. हा कारकून बोललेलें ऐकतो, लिहिलेलें वाचतो, मराठी समजतो आणि संगणकांतील हिशेबाच्या वहींत स्वतः नोंद करतो. त्याला पगार नाहीं असें म्हणतां येत नाहीं, कारण त्याची वर्गणी भरावी लागते. पण तो रजा मागत नाहीं. कृत्रिम बुद्धिमत्तेचा मदतनीस या नांवानें तो ओळखला जातो. त्याच्या हातीं रोकडीची वही द्यावी कीं नाहीं, आणि दिल्यास कितपत द्यावी, हें ठरविण्यासाठीं तो काम कसें करतो हें आधीं समजून घेतलें पाहिजे.

त्यापूर्वीं रोकडीविषयीं दोन शब्द. बँकेमार्फत दिलेला पैसा आपली खूण मागें ठेवून जातो. २०१६ सालीं सुरू झालेल्या यूपीआय पद्धतीनें दिलेल्या दहा रुपयांचीहि तारीख, वेळ आणि घेणाऱ्याचें नांव बँकेच्या पुस्तकांत आपोआप उमटतें. रोकड मुकी आहे. शंभराची नोट एका हातांतून दुसऱ्या हातांत गेली कीं, ती कोणीं कोणास कशापायीं दिली, हें तिच्यावर कोठेंहि लिहिलेलें नसतें. तिचा साक्षीदार एकच. तो म्हणजे त्याच वेळीं वहींत लिहिलेली ओळ. बँकेच्या व्यवहाराची नोंद चुकली तर महिनाअखेर बँकेचा उतारा पाहून ती दुरुस्त करतां येते. रोकडीच्या नोंदीला असा दुसरा कागद बहुधा नसतो. म्हणूनच जुन्या पेढ्यांवर कीर्द लिहिण्याचें काम नवशिक्यास देत नसत.

महाराष्ट्राला ही शिस्त परकी नाहीं. पेशव्यांच्या कारभारांत रोजकीर्द लिहिली जात असे. त्या दिवशीं काय जमा झालें, काय खर्च पडलें, कोणास कोणती सनद दिली, हें सारें तारीखवार मोडींत उतरविलेलें असे. या रोजकीर्दी पुण्याच्या पेशवे दफ्तरांत राहिल्या, आणि गणेश चिमणाजी वाड यांनीं निवडलेले त्यांतील वेंचे पुढें ग्रंथरूपानें छापले गेले. आज इतिहासकार त्या काळाविषयीं जें खात्रीनें सांगूं शकतात, त्यांतील पुष्कळसा भाग कारकुनांनीं त्या त्या दिवशीं लिहिलेल्या असल्या निरस ओळींवर उभा आहे.

आतां वहीच्या अंगाविषयीं. देशी पद्धतीच्या कीर्दींत पानाच्या डाव्या बाजूस जमा व उजव्या बाजूस नांवें लिहितात. भाजीवाल्यास १,२५० रुपये रोख दिले, तर ते उजव्या बाजूस भाजीखात्याच्या नांवें पडतात, आणि तेवढ्यानें कीर्दीचें काम होतें. रोकडीचें निराळें खातें तेथें लिहावें लागत नाहीं, कारण कीर्द हेंच रोकडीचें खातें असतें. संगणकांतील हिशेब मात्र रोकडीलाहि इतरांसारखेंच एक खातें समजतो. त्यामुळें त्याच व्यवहाराच्या तेथें दोन ओळी होतात : भाजीखर्च नांवें १,२५०, रोख जमा १,२५०. ही दुसरी ओळ पाहून नवखा मनुष्य हटकून गोंधळतो. पैसे तर गल्ल्यांतून गेले. मग रोख जमा कशी? उत्तर असें कीं, जें खातें देतें तें जमा आणि जें घेतें तें नांवें. येथें गल्ल्यानें दिले, म्हणून गल्ल्याचें खातें जमा. 'जमा' याचा अर्थ 'शिल्लक वाढली' असा घेण्याची संवय बँकेच्या पासबुकामुळें लागली आहे. पासबुक हें बँकेच्या बाजूनें लिहिलेलें असतें, गिऱ्हाइकाच्या नव्हे. एवढें ध्यानांत ठेवलें तर पुढील सर्व भाग सोपा आहे.

हिशेबाच्या सॉफ्टवेअरांत भारतांत सर्वांत परिचित नांव टॅलीचें. श्यामसुंदर गोएंका आणि त्यांचे चिरंजीव भरत गोएंका यांनीं १९८६ सालीं हा उद्योग सुरू केला, तो बंगळूरूचा. शिरूरसारख्या तालुक्याच्या गांवींहि 'टॅली येतें का?' हा प्रश्न नोकरीच्या मुलाखतींत विचारला जातो, इतकें तें नांव रूढ झालें आहे. चेन्नईकडील झोहो बुक्स आणि मुंबईंत जन्मलेलें इआरपीनेक्स्ट हींहि याच वर्गांतलीं. टॅलींत रोख किंवा बँकेंतून पैसे दिल्याची नोंद एफ-पांच ही कळ दाबून करतात, पैसे आल्याची एफ-सहा दाबून, आणि बँकेंतून काढून गल्ल्यांत घातलेल्या पैशाची एफ-चार दाबून. ज्याचीं बोटें या कळांवर बसलीं आहेत, त्याला मदतनीसाची फारशी गरज वाटणार नाहीं. गरज आहे ती, ज्याचे हात पिठांत असतात त्याला.

हा मदतनीस म्हणजे मूळांत भाषेचें यंत्र. अफाट मजकूर वाचून कोणत्या शब्दांनंतर कोणते शब्द येणें संभवनीय आहे, हें तें शिकलेलें असतें. त्या बळावर तें प्रश्न समजतें व उत्तर रचतें. परंतु केवळ उत्तर रचणें म्हणजे वहींत नोंद करणें नव्हे. त्याला वहीपर्यंत पोंचविणारी वाट वेगळी करून द्यावी लागते. पोस्टांतील खिडकीची कल्पना केली असतां ही वाट लवकर कळेल. खिडकीच्या आंत कोणालाहि जातां येत नाहीं. बाहेर छापील फॉर्म ठेवलेले असतात : मनीऑर्डरीचा एक, बचतखात्याचा एक. ज्याला जें काम असेल त्यानें तो फॉर्म भरून खिडकींत द्यावा. आंतला कारकून तो तपासतो, अपुरा असल्यास परत करतो, पुरा असल्यास पावती देतो. हिशेबाचें सॉफ्टवेअर मदतनीसाला असेच फॉर्म देतें. या धंद्यांत त्यांना 'टूल' म्हणतात. 'रोख खर्च नोंदवा' हा एक फॉर्म; त्यांत तारीख, रक्कम, कोणत्या खात्यांतून, कोणत्या खात्याच्या नांवें, कोणास, आणि तपशील अशा रिकाम्या जागा. 'शिल्लक सांगा' हा दुसरा. 'खात्याचा उतारा द्या' हा तिसरा. मदतनीस आपलें वाक्य ऐकून योग्य फॉर्म निवडतो, जागा भरतो आणि खिडकींत सरकवितो. नोंद खिडकीच्या आंत होते; तिचा क्रमांक बाहेर येतो; तो क्रमांक मदतनीस सांगतो.

पूर्वीं प्रत्येक सॉफ्टवेअराची खिडकी निराळ्या उंचीवर असे. नोव्हेंबर २०२४ मध्यें अँथ्रॉपिक या अमेरिकन कंपनीनें मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल या नांवाची एक सामाईक रीत जाहीर केली. खिडकी कशी असावी आणि फॉर्म कसे ठेवावेत, याचा तो ठराव आहे. इतरांनींहि ती रीत उचलली, आणि भिन्न मदतनीस भिन्न हिशेबांशीं जोडणें पुष्कळ सोपें झालें.

आतां एक दिवस घेऊं. रांजणगांवाहून कारेगांवकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला एक बाई खानावळ चालवितात, असें समजावें. सकाळीं गल्ल्यांत ४,२०० रुपये होते. दिवसभरांत जेवणाचे रोख ९,६५० आले. दुपारीं बँकेंतून ५,००० काढून गल्ल्यांत घातले. एकूण १८,८५०. भाजीला १,२५० दिले, दुधाला १,३७५, टेंपोला ७५०, एका गड्यानें २,००० उचल घेतली आणि किराणा दुकानदाराचे मागचे ६,००० चुकते केले. हे ११,३७५ वजा जातां ७,४७५ राहिले पाहिजेत. बाई पोळ्या लाटतां लाटतां फोनला सांगत असतात, आणि मदतनीस लिहीत असतो. चित्र मोठें सुखाचें आहे. पण याच दिवसांत किती ठिकाणीं घसरण आहे, तें पाहण्यासारखें आहे.

पहिली घसरण भाषेची. बाई म्हणाल्या, "दूधवाल्याला पावणेचौदाशें दिले." मराठी मुलांना पाव, निम, पाऊण शाळेंत पाठ करावे लागत होते तोंवर या शब्दांत कांहीं अवघड नव्हतें, आतां तरुणहि त्यांना अडखळतात. यंत्रानें वाचलेल्या मजकुरांत इंग्रजीचा भरणा मोठा, आणि इंग्रजींत पावणेचौदाशें असा शब्द नाहीं. त्यानें चौदाशें धरलें तर पंचवीस रुपयांचा फरक पडला. 'अडीच दिले' हें तर त्याहून कठीण. भाजीच्या गोष्टींत अडीच म्हणजे अडीचशें, भाड्याच्या गोष्टींत अडीच हजार, आणि जागेच्या गोष्टींत अडीच लाख. ऐकणाऱ्यानें प्रसंगावरून समजावयाचें असतें. मनुष्य समजतो, कारण त्याला भाजीचा भाव ठाऊक असतो. यंत्रहि पुष्कळदां समजतें. परंतु 'पुष्कळदां' हा शब्द रोकडीच्या वहींत चालत नाहीं. तिसरा मौजेचा शब्द 'परवां'. मराठींत परवां मागचाहि असतो आणि पुढचाहि. 'परवां गड्याला दोन हजार दिले' यांत क्रियापदावरून काळ कळतो. पण बाईंनीं नुसतें 'परवांचे दोन हजार, गड्याचे' असें म्हटलें, तर ते दिलेले कीं द्यावयाचे, हें देवच जाणे. यावर उपाय साधा आहे. मदतनीसाला आरंभींच असें बजावून ठेवावें कीं, नोंद करण्यापूर्वीं त्यानें रक्कम अंकांत आणि तारीख पूर्ण लिहून दाखवावी व होकार मिळाल्यावरच फॉर्म खिडकींत द्यावा. बऱ्याच मदतनीसांत अशा होकाराची सोय मुळांतच असते. ती त्रासाची वाटून बंद करण्याचा मोह होतो; तो टाळावा.

दुसरी घसरण खात्याची, आणि ही अधिक खोल. किराणा दुकानदाराच्या ६,००० चें उदाहरण घ्यावें. माल आला त्या दिवशीं नोंद झालेली होती : किराणाखर्च नांवें ६,०००, दुकानदार जमा ६,०००. म्हणजे खर्च लिहिला गेला आणि दुकानदाराचें देणें उभें राहिलें. आज पैसे दिले, तेव्हां दुकानदार नांवें व रोख जमा, एवढेंच व्हावयास पाहिजे, देणें मिटलें. परंतु बाई मदतनीसाला म्हणाल्या, "किराण्याचे सहा हजार दिले." त्यानें सरळ अर्थ घेतला : किराणाखर्च नांवें, रोख जमा. आतां काय झालें पाहा. खर्च सहाच्या जागीं बारा हजार झाला. नफा सहा हजारांनीं खोटा कमी झाला. दुकानदाराचें देणें वहींत जसेंच्या तसें उभें राहिलें. आणि यांतील सर्वांत वाईट भाग हा कीं, रोकड बरोबर जुळली! रात्रीं गल्ला मोजून ही चूक सांपडणार नाहीं. ती तेव्हांच सांपडेल, जेव्हां कोणीतरी वहींतील देणें पाहून दुकानदाराला पुन्हां सहा हजार देऊं लागेल, आणि दुकानदार सज्जन असल्यामुळें नाहीं म्हणेल. म्हणून पैसे देण्याची नोंद सांगतांना 'कशासाठीं' याबरोबर 'आजच्या मालाचे कीं मागचे' हेंहि सांगण्याची संवय लावावी. चांगल्या रीतीनें जोडलेला मदतनीस आधीं त्या माणसाचा उतारा मागवून पाहतो आणि विचारतो, "यांचे सहा हजार देणें दिसतें, तेंच चुकतें केलें का?" असा प्रश्न विचारणारा कारकून पूर्वींच्या पेढीवरहि भाग्यानेंच मिळत असे.

गड्याच्या उचलीचेंहि तसेंच. उचल हा खर्च नव्हे. तें त्याच्याकडचें येणें आहे, पगाराच्या दिवशीं वजा व्हावयाचें. ती पगारखर्चांत टाकली, तर महिनाअखेर गड्याला पुरा पगार जातो व मालकाचे दोन हजार बुडतात, किंवा मालकाला आठवण असल्यास आणि गड्याला नसल्यास तंटा होतो. बँकेंतून काढलेल्या ५,००० ची गोष्ट निराळी. तो खर्चहि नव्हे आणि मिळकतहि नव्हे, पैसा एका खिशांतून दुसऱ्या खिशांत गेला एवढेंच. घरच्या मुलाची फी गल्ल्यांतून भरली, तर ती मालकाची स्वतःची उचल. या चार प्रकारांतील भेद मदतनीसाला एकदां नीट लिहून दिला, तर तो बरेचदां पाळतो. लिहून मात्र द्यावा लागतो. त्यानें अंदाज बांधावा अशी अपेक्षा करूं नये.

तिसरी घसरण नोंद होण्या न होण्याची. मोबाइलची रेंज ऐन वेळीं गेली. बाईंनीं भाजीचे साडेबाराशें सांगितले. मदतनीसानें फॉर्म दिला. परंतु पावती परत येण्यापूर्वींच जोड तुटली. नोंद झाली कीं नाहीं? झाली असेल आणि पुन्हां सांगितलें, तर दोनदां पडेल. झाली नसेल आणि सांगितलें नाहीं, तर पडणारच नाहीं. शिवाय भाषेच्या यंत्राचा एक दोष असा आहे कीं, त्याला शेवट गोड करण्याची खोड असते. क्वचित् प्रसंगीं फॉर्म दिलेला नसतांहि तें 'नोंद केली आहे' असें सांगून मोकळें होतें.

या दोन चुकांचे परिणाम सारखे नाहींत. नोंद पडलीच नाहीं असें धरा. वही म्हणेल, गल्ल्यांत ८,७२५ पाहिजेत. गल्ल्यांत आहेत ७,४७५. साडेबाराशें कमी. बाईंना भाजीचे पैसे दिल्याचें आठवतें आणि ते सांगितल्याचेंहि आठवतें. मदतनीसानें 'केली' म्हटल्याचेंहि आठवतें. मग उरला कोण? गल्ल्यावर बसणारा पोऱ्या. परगांवाहून आलेला, खानावळींतच जेवणारा व रात्रीं तेथेंच पथारी टाकणारा. त्यानें शपथ घेतली तरी ती एका बाजूस, आणि यंत्राचा आंकडा दुसऱ्या बाजूस. यंत्र खोटें कसें बोलेल, असें म्हणणारे शेजारी पुष्कळ भेटतील. साडेबाराशें रुपयांची ती रक्कम. पण एखाद्याचें चोर म्हणून नांव पडण्यास ती पुरते.

आतां उलट धरा. नोंद दोनदां पडली. वही म्हणेल, गल्ल्यांत ६,२२५ पाहिजेत, आहेत ७,४७५. पैसे जास्त निघाले म्हणून कोणाला वाईट वाटत नाहीं, आणि कोणी शोधहि करीत नाहीं. परंतु ज्याला ही दुहेरी नोंद कळली, त्यानें साडेबाराशें निमूटपणें उचलले, तर रात्रीं गल्ला वहीशीं पैन् पै जुळेल. पहिल्या चुकींत निरपराध्यावर आळ येतो. दुसरींत अपराध्याला आश्रय मिळतो. जास्त निघालेली रोकडहि कमी निघालेल्या रोकडीइतकीच शोधली पाहिजे, असें जुने मुनीम सांगत, त्यांतील मर्म हेंच.

यावर उपाय दोन. एक, नोंद झाल्याचें म्हणणें मानूं नये. नोंदीचा क्रमांक मागावा आणि तो वहींत उघडून पाहावा. मदतनीसाच्या तोंडचें वाक्य म्हणजे पावती नव्हे. दुसरा, प्रत्येक रोख खर्चाला आपला स्वतःचा अनुक्रमांक असावा. दहा रुपयांच्या वहींत बाईंनीं पेन्सिलीनें '४१, भाजी, १,२५०' एवढें लिहावें, भाजीवाल्याची सही किंवा अंगठा घ्यावा, आणि मदतनीसाला हा ४१ क्रमांकहि सांगावा. जोड तुटल्यास त्याला आधीं विचारावें, "क्रमांक ४१ ची नोंद आहे का?" असल्यास प्रश्न मिटला, नसल्यास पुन्हां करावी. कांहीं सॉफ्टवेअरांत तोच क्रमांक दुसऱ्यांदा आल्यास नोंद नाकारण्याचीहि सोय असते. संगणक असतां पेन्सिलीची वही कशाला, असें तरुण विचारतील. रोकडीला दुसरा कागद नसतो, हें वर सांगितलेंच आहे. तो दुसरा कागद हा.

चुका शोधण्याच्या जुन्या युक्त्या येथें कितपत उपयोगी पडतात, हेंहि सांगण्यासारखें आहे. फरकाला नवांनीं भाग गेला, तर अंकांची अदलाबदल झाली असावी, असें मुनीम ताडीत : १,२५० चे १,५२० लिहिले तर फरक २७०, म्हणजे नऊ गुणिलें तीस. फरकाच्या निम्म्या रकमेची नोंद शोधावी, कारण ती उलट बाजूस पडली असेल. ही दुसरी युक्ति. या दोन्ही हाताच्या चुका. मदतनीस अशा चुका क्वचित् करतो. त्याच्या चुका अर्थाच्या असतात, आणि त्या अंकांत दिसत नाहींत; वाक्य वाचूनच दिसतात. एक खूण मात्र दोघांनाहि लागू आहे : रोख शिल्लक उणी कधींच होऊं शकत नाहीं. नसलेली नोट कोणालाहि देतां येत नाहीं. वहींत कोणत्याहि क्षणीं रोकड उणी दिसली, तर त्यापूर्वींची एखादी जमा राहिली आहे किंवा एखादा खर्च चुकीच्या तारखेस पडला आहे किंवा अशीच दुसरी कांहीं चूक झाली आहे, हें निश्चित. टॅलीसारख्या सॉफ्टवेअरांत असा प्रसंग येतांच इशारा मिळण्याची सोय आहे. ती चालू ठेवावी.

कायद्याचा भाग थोडक्यांत. एका माणसाला एका दिवसांत रोखीनें दहा हजार रुपयांहून अधिक दिले, तर तो खर्च आयकराच्या हिशेबांत साधारणतः धरला जात नाहीं. पूर्वीं ही मर्यादा वीस हजार होती. २०१७ सालीं ती दहा हजारांवर आणली. मालवाहतुकीच्या गाड्यांचें भाडें असेल तर पस्तीस हजार. दिवसभरांत तीन हप्ते केले तरी बेरीज एकच धरतात. पुढें २०२५ सालीं आयकराचा नवा कायदा मंजूर झाला, तरी रोखीच्या मोठ्या खर्चावरचा हा कटाक्ष कायम आहे. अशा वेळीं मदतनीसानें सावध केलें तर उत्तम. परंतु 'निम्मी रक्कम कालच्या तारखेस टाकूं का?' असें त्यानें सुचविलें, किंवा मालकानेंच त्याला तसें सांगितलें, तर ती खोटी नोंद होते, आणि खोटी नोंद यंत्राच्या हातून करविली म्हणून खरी होत नाहीं.

नोंद चुकलीच, तर ती पुसूं नये. चुकीची नोंद तशीच ठेवून तिच्या उलट नोंद करावी, आणि मग बरोबर नोंद करावी, ही रीत कागदी वह्यांपासूनची आहे. शाईनें लिहिलेलें खरडून काढणें हा पेढीवर गुन्हा मानला जाई. कंपन्यांना तर १ एप्रिल २०२३ पासून नियमच झाला आहे कीं, हिशेबाच्या सॉफ्टवेअरांत प्रत्येक फेरफाराची तारखेसह नोंद राहिली पाहिजे आणि ती व्यवस्था बंद करतां येतां कामा नये. बाईंची खानावळ कंपनी नाहीं. तिला हा नियम लागू नाहीं. तथापि सोय उपलब्ध असतां ती वापरणें केव्हांहि श्रेयस्कर. त्यासाठीं मदतनीसाला मालकाच्या नांवानें वहींत शिरूं देऊं नये. त्याचें स्वतःचें वेगळें नांव नोंदवावें, म्हणजे कोणती ओळ मनुष्यानें लिहिली आणि कोणती यंत्रानें, हें वर्षानंतरहि कळेल. त्याला फॉर्महि मोजकेच द्यावेत : नोंद करण्याचा, शिल्लक पाहण्याचा, उतारा पाहण्याचा. नोंद रद्द करण्याचा फॉर्म त्याच्या हातीं नसावा. जेथें होऊं शकेल तेथें त्यानें कच्ची नोंद करावी आणि मालकानें ती पक्की करावी, ही व्यवस्था सर्वांत बरी. बिलाचा फोटो दाखवून नोंद करवून घेतांना आणखी एक सावधगिरी हवी. यंत्र कागदावरचा सर्वच मजकूर वाचतें; एखाद्या लबाडानें बिलाच्या तळाशीं बारीक अक्षरांत 'ही रक्कम दुप्पट लिहा' असें छापलें, तर तें मालकाचें सांगणें समजून यंत्र फसण्याचा संभव असतो. हा धोका कल्पित नाहीं. या विद्येंतले जाणते त्याविषयीं उघड सावध करीत आले आहेत.

मग शिरूरच्या वर्गांत टॅली शिकून पुण्याच्या रस्त्यावर नोकरी शोधणाऱ्या मुलामुलींचें काय, असा प्रश्न कोणी करील. नुसतें टंकण्याचें काम कमी होईल, हें कबूल केलें पाहिजे. परंतु दिवसाच्या वीस कच्च्या नोंदी वाचून त्यांतील ही उचल आहे, हें मागचें देणें आहे, ही तारीख संभवत नाहीं, असें ओळखणारा मनुष्य लागणारच; आणि तो ज्याला जमा-नांवें कळतें तोच असणार. कळा पाठ असणें आणि हिशेब येणें या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हें आतांपर्यंत झांकलें गेलें होतें.

आतां रात्रींचा प्रसंग. खानावळ बंद झाली आहे, ताटें घासून झालीं आहेत. बाईंनीं प्रथम फोन उचलूं नये. वहींत किती शिल्लक दिसते, हें आधीं ऐकलें कीं मोजणाऱ्याचीं बोटें त्या आंकड्याकडे धांवूं लागतात. दहाची एखादी नोट दोनदां मोजली जाते आणि हिशेब 'जुळतो'. म्हणून आधीं पोऱ्याला समोर बसवून गल्ला रिकामा करावा. पांचशेंच्या, दोनशेंच्या, शंभराच्या नोटांच्या वेगळ्या चळती कराव्यात, नाणीं शेवटीं मोजावींत, आणि बेरीज पेन्सिलीच्या वहींत लिहून दोघांनीं सही करावी : ७,४७५. त्यानंतरच मदतनीसाला विचारावें, "आज रोख शिल्लक किती?" त्यानें ८,७२५ सांगितले, तर पोऱ्याकडे न पाहतां पेन्सिलीच्या वहींतील क्रमांक एकेक करून वाचावेत, आणि कोणत्या क्रमांकाची नोंद संगणकांत नाहीं, हें मदतनीसालाच शोधावयास लावावें. एकेचाळीसाशीं येतांच तो थांबेल.